ऑटो एसी: उन्हाळा, पावसाळा आणि थंडी काढल्यावर

आधीच्या गाडीत निळा-लाल गोल नॉब होता, या गाडीत आकडा आहे: हवं ते तापमान लावायचं, बाकी ऑटो एसी स्वतः सांभाळतो. रोजचं गंगापूर रोड ते सिन्नर जाणं-येणं, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

आकडा १८ वर नेला म्हणून गाडी लवकर गार होत नाही. उन्हात तापलेल्या गाडीत २४ लावा नाहीतर १८, सुरुवातीला एसी पूर्ण जोरातच चालतो. फरक नंतर पडतो: २४ ला आत जमलं की पंखा आपोआप मंदावतो, १८ ला बिचारा धावतच राहतो. मी २५ लावते आणि हात लावत नाही. घरच्या एसीलाही २०२० पासून २४ च सेट होऊन येतं.

मे महिन्यात दुपारी कंपनीच्या पार्किंगमधली गाडी उघडली की स्टिअरिंग धरवत नाही. तेव्हा चारही काचा खाली करून गेटपर्यंत जायचं, कोंडलेली गरम हवा बाहेर काढायची, मग काचा वर आणि रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवायचं बटण) चालू. पण ते बटण मुंबईपर्यंत तसंच ठेवू नका. चार माणसं आत असली की हवा कोंदट होते, डोळे जड होतात.

मॅन्युअल एसीवाल्यांसाठी: नॉब मधोमध ठेवल्याने पेट्रोल वाचतं ही समजूत बहुतेक जुन्या गाड्यांत खोटी. तिथे हवा आधी पूर्ण गार होते, मग नॉबप्रमाणे तिला इंजिनच्या गरम पाण्याची ऊब देतात. त्यापेक्षा नॉब पूर्ण निळ्यावर, पंखा कमी.

डॅशबोर्डवर काचेजवळ एक काळा, बटणाएवढा घुमट असतो. तो उन्हाचा सेन्सर. सासूबाईंनी सप्तशृंगीची मूर्ती नेमकी त्याच्यासमोर बसवली होती. सेन्सरला सावली, त्यामुळे एसीच्या लेखी बाहेर ऊनच नाही. "आई, देवी जरा डावीकडे सरकवू का?" एवढं विचारायला मला आठवडा लागला.

पावसात इगतपुरीच्या पुढे खरी परीक्षा. काच आतून धुरकटली तर एसी चालू, हवा बाहेरची, झोत समोरच्या काचेवर. बाहेरून धुरकटली असेल तर काच फार गार झालीय. वायपर मारा, आकडा वाढवा, झोत काचेवरून काढा. थंडीत हीटर बिनधास्त लावा, पेट्रोल गाडीत इंजिनची वाया जाणारी उष्णताच आत येते. फक्त इंजिन तापेपर्यंत कुडकुडायचं.

एक तारा कापते तो टचस्क्रीनसाठी. खड्ड्यांतून जाताना पंख्याऐवजी भलतंच काहीतरी दाबलं जातं. नॉब कशाला काढला, देव जाणे.

आणि केबिन फिल्टर स्वतः काढून बघा, बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागेच असतो. झोत कमी झाला म्हणून मी एसीचा गॅस भरायला निघाले होते. फिल्टर काढला तर धूळ, पिसं आणि कडुनिंबाची वाळकी पानं.