पिकअपमागचा कॅम्पर आणि मध्येच सुटणारे ब्रेक: दोन उन्हाळ्यांनंतर

कॅम्परच्या आतल्या सोयींबद्दल माझी तक्रार नाही. ओटा, पलंग, हीटर, सगळं उत्तम. लिहायचंय ते ब्रेकबद्दल, कारण आम्ही कोलोरॅडोत राहतो आणि आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना ७ टक्क्यांचा उतार आहे. तिथे डॅशबोर्डवर ट्रेलरच्या, म्हणजे मागे ओढलेल्या कॅम्परच्या, ब्रेकचा दोष झळकला आणि मागचं सगळं वजन पिकअपवर आलं. मागच्या सीटवर मुलं बसलेली. खालचा गिअर टाकून सावकाश उतरलो, पण ती भीती मी विसरणार नाही.

पिकअपवाल्या सर्व्हिस सेंटरने तपासणीचे पैसे घेतले आणि दोष ट्रेलरचा म्हणून सांगितलं. ट्रेलरवाला म्हणाला, गाडीतला कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकला वीज सोडणारी पेटी, बदला, वेगळा बसवून देतो, इतके शे डॉलर. दोघांच्याही अंगणात उभं असताना ब्रेक व्यवस्थित लागत होते. चालू स्थितीतला बिघाड उभ्या गाडीत शोधायचा आणि बिल मात्र पूर्ण लावायचं, याचा मला मनस्वी राग आहे.

शेवटी घरीच मल्टिमीटर घेऊन बसलो. ट्रेलरला वीज देणारा सात पिनांचा प्लग गाडीतून काढला, म्हणजे पिकअपचा प्रश्नच मिटला. ब्रेकची निळी वायर आणि अर्थची पांढरी, या दोन पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला. माझ्या चाकांच्या ड्रममधलं, वीज मिळताच ब्रेक लावणारं एकेक मॅग्नेट साधारण ३.२ ओहमचं, चार समांतर जोडलेली, म्हणजे ०.८ च्या आसपास यायला हवं. आलं. मग मुलाला आकड्यावर लक्ष ठेवायला सांगून मी खाली शिरलो आणि एकेक वायर हलवत गेलो. मागच्या एक्सलची वायर हलवली की आकडा थेट शून्यावर!

उजव्या चाकाकडून डाव्या चाकाकडे जाणारी वायर एक्सलच्या पोकळ नळीतून मोकळीच ओवलेली होती. भोकाला रबरी बूच नाही. पत्र्याच्या धारेवर घासून आवरण गेलेलं, खड्डा आला की तांबं लोखंडाला टेकायचं. एवढ्या महागड्या वस्तूत चार आण्यांचं रबर वाचवलंय!

गाडीतल्या कंट्रोलरवर मी आधी नाराज होतो. आता मत बदललंय. शॉर्ट दिसताच करंट तोडून तो आपलं काम चोख करत होता. तो बदलला असता तर पैसे गेले असते आणि बिघाड तसाच राहिला असता.

नवी १२ गेजची वायर एक्सलच्या बाहेरून, पाइपात घालून, क्लॅम्पने बांधली. चिमटून लावलेले जुने जोड कापून हीटश्रिंकवाले, म्हणजे तापवल्यावर आवरण आवळून बसणारे, बसवले. चाक उचलून ब्रेकचे शू पाठीमागच्या फटीतून कसले, किंचित घासत फिरेल इतके. मग रिकाम्या सपाट रस्त्यावर ताशी २५ मैलांच्या आसपास कंट्रोलरची हाताची कळ दाबून गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, बसवला, चाकं जाम होण्याच्या जरा अलीकडे. त्यानंतर तोच उतार उतरलो, ब्रेक एकदाही सुटले नाहीत.

कॅम्पर विकणार नाही. पण नवा घेत असाल तर पैसे देण्याआधी एक्सलखाली वाकून बघा. वायर नळीत शिरताना दिसली तर ती बाहेरून टाकून द्यायला लावा, आणि तसं बिलावर लिहून घ्या.