वाचा फुटलेले संग्रहालय : तेजगढची आदिवासी अकादमी

बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढलेल्या आमच्यासारख्या मराठी कुटुंबांना संग्रहालय म्हटले की सयाजीबागेतले, १८९४ साली खुले झालेले संग्रहालयच आठवते. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही तेथील इजिप्तची ममी दाखवायला नेतो. परंतु बडोद्याच्या बांधकामांवर ज्यांचे हात राबतात त्या राठवा आदिवासींची भाषा, देव, वाद्ये यांविषयी मला पन्नाशी उलटेपर्यंत काहीही ठाऊक नव्हते, हे येथे नोंदवावेसे वाटते. कॅनडात ओटावा येथे राहणारी माझी भाची दिवाळीला आली आणि तिने स्वतःहून, "मावशी, या वेळी तेजगढला जाऊ," असे म्हटले, म्हणून हा योग आला.

तेजगढ बडोद्याच्या पूर्वेस सुमारे ९० किलोमीटरवर, २०१३ साली बडोद्यापासून वेगळ्या झालेल्या छोटा उदेपूर जिल्ह्यात आहे. डभोई, बोडेली, पावी जेतपूर असा रस्ता आहे आणि प्रतापनगरहून छोटा उदेपूरला जाणारी रेल्वेही तेजगढला थांबते. 'भाषा' या संस्थेने येथे आदिवासी अकादमी उभी केली. मूळचे भोरचे आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक असलेले गणेश देवी यांनी १९९६ साली ही संस्था स्थापन केली. पुढे याच संस्थेच्या पुढाकाराने झालेल्या लोकभाषा सर्वेक्षणात देशातल्या ७८० भाषांची नोंद झाली. ज्या संस्थेचे मुख्य काम बोलीभाषा ऐकणे हे आहे, तिने संग्रहालय उभारावे तर ते कसे असेल, याचे उत्तर अकादमीतल्या 'वाचा' या संग्रहालयात मिळते.

'वाचा' म्हणजे वाणी. या संग्रहालयाची ओळखच मुळी आवाजाचे संग्रहालय अशी आहे. वाद्ये, मातीच्या मूर्ती, दागिने, वस्त्रे आणि चित्रे येथे आहेत. पण वस्तूंच्या जोडीला ध्वनी आणि चलच्चित्र यांनाही बरोबरीचे स्थान दिलेले आहे. मराठी कानाला मात्र या नावात आणखी एक अर्थ ऐकू येतो, तो म्हणजे 'वाचा', वाचून पाहा, असा. हा दुसरा अर्थ कदाचित योजलेला नसेल, पण पिठोराच्या चित्रासमोर उभे राहिल्यावर तोच अधिक खरा वाटू लागतो.

पिठोरा हे राठवांचे दैवत. घरात आजारपण आले, गुरे मरू लागली, पीक बुडाले की घरधनी बडव्याकडे, म्हणजे गावच्या पुजाऱ्याकडे जातो आणि पिठोरा मांडण्याचा नवस बोलतो. ऐपत होईल तेव्हा तो फेडला जातो. ओसरीवरची भिंत कुमारिका शेणाने आणि पांढऱ्या मातीने सारवतात, रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवले जातात, आणि मग देवांचे घोडे, पिठोराच्या लग्नाची वरात, सूर्य, चंद्र, शेत, पशुपक्षी असे सगळे विश्व भिंतीवर उतरते. हे काम करणाऱ्याला लखारा म्हणतात. लखारा म्हणजे लिहिणारा, कारण राठवांच्या लेखी पिठोरा रंगवला जात नाही, तो लिहिला जातो. आपल्याकडे वारली सवाशिणीही लग्नाचा चौक लिहितातच. चित्र पुरे झाले की बडवा अंगात आलेल्या अवस्थेत भिंतीवरची एकेक आकृती ओळखतो, काही राहिले असेल तर दाखवतो, आणि त्याने मान्य केल्यावरच नवस फिटतो. एकाने लिहावे आणि दुसऱ्याने सर्वांसमक्ष वाचावे, अशी ही रीत आहे. ज्यांना लिपी नाही म्हणून आपण निरक्षर ठरवले, त्यांच्याकडे लेखन आणि वाचन यांची इतकी कसून पडताळणी होते, हे कळल्यावर मी त्या चित्रासमोर बराच वेळ गप्प उभी होते.

येथेच माझी एक अडचणही सांगितली पाहिजे. ज्या भिंतीमागे कोणाचे घर नाही आणि ज्या चित्रामागे कोणाचा नवस नाही, तो पिठोरा अर्धाच असतो. संग्रहालय कितीही आस्थेने उभारले तरी ही उणीव राहणारच. तेजगढचा मोठा गुण असा की ही उणीव येथे फार जाणवत नाही, कारण आजूबाजूच्या गावांत खऱ्या ओसरीवरचे खरे पिठोरे अजून लिहिले जात आहेत. याउलट, दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका सहल कंपनीने आम्हाला 'आदिवासी दर्शन' म्हणून याच भागात नेले होते. त्या वेळी जेवणानंतर काही तरुणांना पोशाख घालून आमच्यापुढे नाचायला लावले गेले, आणि ते कोणत्या प्रसंगाचे नृत्य आहे हे आमच्यापैकी कोणालाही सांगण्यात आले नाही. त्या सहलीला मोजलेल्या पैशांचे मला आजही वाईट वाटते.

भाचीला तेजगढची ओढ का होती, हे परतीच्या वाटेवर ओरसंग नदीच्या काठाने येताना कळले. ओटावा हे कॅनडाच्या राजधानीचे शहर अल्गॉन्क्विन या तिथल्या आदिवासी लोकांच्या भूमीवर वसले आहे, आणि ती भूमी त्यांनी कोणत्याही कराराने कधी दिलेली नाही. शहरातून वाहणाऱ्या ओटावा नदीचे त्यांच्या भाषेतले नाव किची सीबी. तिच्यावरच्या शोदिएर धबधब्यापाशी प्रवासी तंबाखू अर्पण करत, हे फ्रेंच प्रवासी शॅम्प्लेन याने १६१३ सालीच लिहून ठेवले आहे. पुढे त्या धबधब्यावर बांध आला, भोवती कारखाने आले. शिंपल्यांच्या मण्यांचे पवित्र पट्टे सांभाळणारे अल्गॉन्क्विन वडीलधारे विल्यम कमांडा (१९१३–२०११) यांची इच्छा होती की धबधबा मोकळा व्हावा आणि शेजारच्या व्हिक्टोरिया बेटावर आदिवासींचे केंद्र उभे राहावे. डग्लस कार्डिनल या वास्तुकाराने त्याची कल्पनाचित्रेही केली. पण कमांडांच्या हयातीत ते झाले नाही. २०१७ साली सरकारने संसदेसमोरची, पूर्वी अमेरिकेच्या वकिलातीची असलेली इमारत आदिवासींसाठी देण्याचे जाहीर केले, तेव्हाही ज्यांच्या जमिनीवर ती इमारत आहे त्या अल्गॉन्क्विनांना भागीदार म्हणून मागाहून सामावून घेण्यात आले.

"आमच्याकडे इमारत आधी आणि यजमान नंतर," असे भाची म्हणाली. तेजगढचा विचार मी तेव्हापासून याच दृष्टीने करते आहे. ही अकादमी बडोद्यात, अलकापुरीसारख्या वस्तीत सहज उभी राहू शकली असती आणि आम्हा शहरवासीयांची मोठी सोय झाली असती. ती राठवांच्या गावात उभी राहिली, त्यामुळे तेथे पाहुणे आपण ठरतो. मला ही गोष्ट संग्रहातल्या कोणत्याही वस्तूइतकीच मोलाची वाटते.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. आधी दूरध्वनी करून, भेटीची वेळ ठरवूनच जावे. सकाळी लवकर निघावे आणि पूर्ण दिवस हाताशी ठेवावा. पावागढ आणि तेजगढ एकाच दिवशी उरकण्याचा बेत करू नये. जवळच्या कोराज डोंगरावर प्राचीन शैलचित्रे आहेत, त्यामुळे चालण्याजोगी पादत्राणे असावीत. ज्यांच्या घरी शाळकरी मुले आहेत त्यांनी त्यांना अवश्य न्यावे. आणि होळीनंतर कवांटला भरणारा गेरचा मेळा पाहण्याची इच्छा असेल, तर त्याआधी एकदा तेजगढला जाऊन यावे, म्हणजे मेळ्याच्या गर्दीत कानावर पडणारा पावा कोणता आणि घांघळी हे तंतुवाद्य कोणते, हे ओळखता येईल.