एजंट भला होता, पैसे तरीही गेले

माझे मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विक्रीची रक्कम हातात आली आणि थोड्याच दिवसांत त्यांचा एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन घरी आला. तो एका शेअर ट्रेडिंग कंपनीचा एजंट झाला होता. "गुरुजी, दरमहा दहा टक्के. वर्षानं मुद्दल परत. काही झालं तर मी आहे ना!"

गावातल्या काही घरांत असे पैसे खरोखर येत होते. मामांनी आधी थोडेच घातले, पाच तारखेला परतावा जमा झाला. मग उरलेले सगळे घातले, माझ्या मावशीलाही सांगितलं. पुढे "सॉफ्टवेअर बदलतोय", मग "खाती गोठवलीत", आणि शेवटी ऑफिसला कुलूप.

मामांनी आयुष्यभर मुलांना चक्रवाढ व्याज शिकवलं. दरमहा दहा टक्क्यांनी एक लाखाचे वर्षात 3 लाख 14 हजार होतात, दोन वर्षांत जवळजवळ दहा लाख. ज्याला बाजारातून एवढं कमावता येतं, तो बँकेचं कर्ज काढून स्वतःच कोट्यधीश होईल. त्याला निवृत्त शिक्षकाची पुंजी कशाला हवी? पैसे देण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचाराच.

शेजाऱ्याला पैसे मिळतायत, हा पुरावा धरू नका. नव्या माणसाच्या रकमेतून जुन्याला परतावा द्यायचा, असाच हा धंदा चालतो. मुंबईत टोरेस या दागिन्यांच्या कंपनीनं मॉइसनाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या खड्यांवर दर आठवड्याला परतावा देऊ केला होता. तिथेही लोकांना आधी पैसे मिळतच होते. जानेवारी 2025 मध्ये ते थांबले आणि दादरच्या दुकानासमोर गर्दी लोटली.

मला सगळ्यात जास्त लागतं ते त्या विद्यार्थ्याचं. तो लबाड नव्हता. त्यानं स्वतःच्या वडिलांचे पैसेही तिथेच घातले होते. मामांचा त्याच्यावरचा विश्वास खोटा नव्हता, पण कंपनी नफा कुठून आणते हे त्यालाही माहीत नव्हतं. म्हणून माणूस कितीही जवळचा असला तरी त्याला विचारा: पैसा नेमका कशातून येतो, आणि मला आणल्याबद्दल तुला किती कमिशन मिळतं? उत्तर देताना तो अडखळला, तर तिथेच थांबा.

कागदांचंही तसंच. भिंतीवर कंपनी नोंदणी आणि जीएसटीची प्रमाणपत्रं फ्रेम करून लावलेली होती. त्या प्रमाणपत्रांनी लोकांकडून ठेवी घेण्याची परवानगी मिळत नाही. शेअर बाजाराचं काम असेल तर सेबीचा, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. नोंदणी असलेल्यालाही ठरावीक परताव्याची हमी देता येत नाही, त्यामुळे हमी ऐकली की उठून या. ठेवीची योजना असेल तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर बघा. मामांच्या हाती नोटरी केलेला स्टॅम्प पेपर होता, त्यात रक्कम चक्क 'हातउसने' म्हणून लिहिली होती! नोटरी सही-शिक्क्याची साक्ष देतो, पैशांची हमी देत नाही.

कुलूप लागल्यावरही मामा थांबले, कारण "केस केलीत तर मालक काहीच देणार नाही" असं सगळ्यांना सांगितलं जात होतं. कंपनीनं दिलेल्या चेकची तीन महिन्यांची मुदत त्यातच संपली. मुदतीत बँकेत टाकला असता आणि वटला नसता, तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस पाठवून दावा लावता आला असता. ठेवीदारांसाठी महाराष्ट्रात 1999 चा एमपीआयडी कायदा आहे. त्याखाली फसवणाऱ्याची मालमत्ता जप्त करून विकता येते. वेळ लागतो, पण वाटप होतं तेव्हा तुमचा दावा नोंदलेला असावा लागतो. तुम्हालाही कोणी असंच थोपवत असेल, तर करार, चेक आणि बँक स्टेटमेंट घेऊन याच आठवड्यात आर्थिक गुन्हे शाखेत जा.