एप्रिलातला स्वेटर

आईला डिमेन्शिया आहे हे कळलं तेव्हा ती अमळनेरला एकटीच राहत होती. गॅसवर दूध ठेवून शेजारी गप्पा मारत बसायची, एकदा तर भर दुपारी अनवाणी पार स्टेशनपर्यंत गेली. मी पुण्याला, बहीण सुरतेला. शेवटी कुणीतरी जळगावबाहेरच्या एका बंगल्यातलं केंद्र सुचवलं. आठच आजी-आजोबा, चोवीस तास नर्स, स्मृतिभ्रंशाच्या माणसांची वेगळी देखभाल, सगळं घरच्यासारखं. महिना २२,००० रुपये आणि एक लाख अनामत.

जानेवारीत आम्ही फोन करून, वेळ ठरवून बघायला गेलो. पहिली माती तिथेच खाल्ली. दारात रांगोळी, पांढऱ्या कपड्यातली नर्स एका आजोबांचं बीपी बघतेय, आतून भरताची वांगी भाजल्याचा वास. आई त्या वासानेच खुलली. चालक तिच्याशी थेट अहिराणीत बोलायला लागला आणि मला म्हणाला, "भाऊ, माय आते आमनी शे." एवढ्यावरच मी विरघळलो.

पैसे भरल्यावर पावती हातात आली, तिच्यावर छापलेलं होतं 'ऐच्छिक देणगी'. विचारलं, तर म्हणे ट्रस्ट आहे ना भाऊ, हिशोबाला तसंच लिहावं लागतं. मी गप्प बसलो. मी बँकेत आहे, हे इथे लिहिताना लाज वाटते. दरमहाचे पैसे चालकाच्या खासगी नंबरवर, यूपीआयने.

दर रविवारी आईचा हसरा फोटो यायचा. एप्रिलात आला त्यात तिच्या अंगात स्वेटर होता. जळगावात तेव्हा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंश! फोन केला, तर "म्हाताऱ्यांना थंडी वाजते हो." खरं म्हणजे सगळे फोटो पहिल्याच आठवड्यात काढून ठेवलेले होते. पण मला ते मे महिन्यात कळलं, भुसावळला लग्नाला आलो आणि न सांगता तिकडे वळलो तेव्हा.

संध्याकाळचे सहा. कुलूप उघडायलाच दहा मिनिटं गेली. आत सगळे झोपलेले, उजेडीच. आईचे ओठ कोरडे पडलेले, जीभ जड. मला ओळखलं नाही, नुसतं पुटपुटत होती, "माले घर जानं शे." देखरेखीला अठरा-एकोणीस वर्षांची एक पोरगी. नर्स कुठेय विचारल्यावर ती बिचारी खरं बोलून गेली, "त्या ताई पार्टी येणार असली की येतात."

उशाशी क्वेटियापिनची पट्टी होती, मनोविकारावरचं गुंगी आणणारं औषध. चिठ्ठी कुठल्याच डॉक्टरची नाही. डिमेन्शियाच्या पुष्कळ माणसांना दिवस मावळताना अस्वस्थ व्हायला होतं, घरी जायचंय म्हणून हट्ट धरतात. त्या वेळी सोबत बसायला माणूस लागतो. इथे माणसाऐवजी गोळी होती. या जातीच्या औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिलेला आहे. डॉक्टर कधी नाइलाजाने देतातही, पण थोड्या मात्रेत आणि लक्ष ठेवून. आईला त्याच रात्री उचलून आणलं.

अनामत मागितली, तर उत्तर: "देणगी कुणी परत मागतं का?" ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार चालते, म्हणून पुण्यातूनच केली. यूपीआय करताना मी दर वेळी 'आईचे राहण्याचे' असं लिहायचो, वकिलांची सगळी भिस्त आता त्यावर आहे. तुम्ही कुठे ठेवणार असाल तर पावतीवर 'अनामत, परत देय' लिहून घ्या, नर्सचं नोंदणीपत्र बघा, औषधांची वही मागा आणि संध्याकाळी, न सांगता जा. आत काही वावगं दिसलं तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे. मला ती उशिरा कळली.

परवा केंद्रवाल्यांचं लेखी म्हणणं आलं. आईची उत्तम काळजी घेतल्याचा पुरावा म्हणून त्यांनी तोच स्वेटरचा फोटो जोडलाय. खाली तारीख टाकलीय, एप्रिलची.