स्कॅनरनं ‘कोड शून्य’ दाखवलं, म्हणून गाडी घेतली

जुनी डिझेल गाडी घेताना स्वतःचा स्कॅनर लावून बघणारे आता बरेच झालेत. मीही लावला होता. एकही कोड, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाड, आला नाही आणि त्या एका गोष्टीच्या जोरावर मी ९ लाख ४० हजार रुपये मोजले. खरं सांगायचं तर हातात स्कॅनर होता म्हणूनच मी गाफील राहिलो. ही चूक दुसऱ्या कुणाकडून होऊ नये, म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहितोय.

आम्ही संगमनेरचे. घरात सहा माणसं, आणि आईला महिन्यातून दोनदा नाशिकला दवाखान्यात न्यावं लागतं. सात सीटर हवी होती. पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालं तसा पुण्यात जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. गाडी २०२० च्या अखेरची, म्हणजे बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या, कडक नियमांतली), ७८ हजार किलोमीटर चाललेली, एकाच मालकाची. “मालक फक्त घर ते ऑफिस वापरायचे, लांब कधी नेलीच नाही,” असं व्यापारी कौतुकानं सांगत होता. मलाही ते ऐकून बरंच वाटलं. बीएस६ डिझेलच्या बाबतीत हे ऐकल्यावर खरं तर कान टवकारायला हवे होते.

पोचलो तेव्हा इंजिन गरम होतं. “आत्ताच धुऊन आणली, साहेब.” बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी ओढून पुसली, परत घालून काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही चांगलं बोटभर वर होतं. काळं आणि पातळ. पट्टीच्या टोकावरून थेंब पाण्यासारखा ओघळला. मला वाटलं, सढळ हातानं ऑइल भरलंय, गाडी जपलेली दिसते.

मग स्कॅनर काढला. साडेसातशे रुपयांचा, ब्लूटूथवाला. स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात बसतो आणि मोबाइलवरच्या ॲपला जोडतो. व्यापाऱ्यानं अडवलं तर नाहीच, उलट स्वतः दार उघडून धरलं. “लावा की साहेब. आमच्यावर नका विश्वास ठेवू, तुमच्याच मशीनवर बघा.” ॲप दहा-बारा सेकंद फिरलं आणि आलं: साठवलेले कोड ०, पेंडिंग कोड ०. चेक इंजिनचा दिवा चावी फिरवल्यावर लागत होता आणि इंजिन सुरू होताच विझत होता, म्हणजे दिवा काढून टाकलेला नव्हता. तेही मी बघून घेतलं.

स्क्रीन खाली सरकवली तर आणखी आकडे होते. त्यांचा स्क्रीनशॉट घेऊन मेहुण्याला पाठवला, “सगळं क्लीन आहे” असं लिहून. त्यातली एक ओळ होती ‘डिस्टन्स सिन्स कोड्स क्लिअर्ड’, आणि समोर आकडा होता ११ किलोमीटर. तिच्याच खाली ‘वॉर्मअप्स सिन्स कोड्स क्लिअर्ड’, २. दोन्ही ओळी मी वाचल्या. अर्थ लावला नाही.

११ किलोमीटरपूर्वी कुणीतरी त्या गाडीचे कोड पुसले होते. एवढं एक वाक्य मनात आलं असतं तर मी इसार दिला नसता.

कोड पुसणं म्हणजे काय, हे मला नंतर कळलं. गाडीच्या कॉम्प्युटरला बिघाड दिसला की तो आधी पेंडिंग म्हणून नोंदवतो. बहुतेक बिघाडांत पुढच्या फेरीतही तेच दिसलं की कोड पक्का होतो आणि दिवा लागतो. त्या क्षणी वेग किती, इंजिन किती गरम, लोड किती, हेही ‘फ्रीज फ्रेम’ नावानं साठवलं जातं. स्कॅनरवरचं ‘क्लिअर’ बटण दाबलं की कोड, दिवा आणि फ्रीज फ्रेम तिन्ही जातं. बिघाड मात्र जिथल्या तिथेच असतो, आणि तो पुन्हा सापडेपर्यंत गाडी निर्दोष दिसते. माझ्या साडेसातशेच्या स्कॅनरवरही ते बटण आहे. कोड पुसायला दुसरं काही लागतच नाही.

पण पुसताना दोन खुणा मागे राहतात. एक तो किलोमीटरचा आकडा, जो शून्यापासून परत मोजायला लागतो. दुसरी, ‘रेडिनेस’ नावाचं पान. कॉम्प्युटर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा), टर्बोचा दाब, धुराचा फिल्टर, नॉक्सची (धुरातल्या घातक नायट्रोजन ऑक्साइडची) यंत्रणा यांच्या चाचण्या गाडी चालताना स्वतःच घेत असतो. कोड पुसले की या चाचण्यांसमोर ‘इनकम्प्लीट’ येतं, आणि त्या पुऱ्या व्हायला थंड इंजिनपासून सुरुवात करून वेगवेगळ्या वेगानं बरंच चालवावं लागतं. माझ्या स्क्रीनशॉटमध्ये तेही पान आहे. पाचपैकी चार चाचण्यांसमोर इनकम्प्लीट. मी ते मेहुण्याला पाठवलं आणि त्यानं अंगठा दाखवला. त्या बिचाऱ्याचा काय दोष!

गाडी घरी आणताना अडचण आली नाही. चाकण, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, सगळा रस्ता मस्त आला. एकोणिसाव्या दिवशी आईला पुण्याला एका तपासणीसाठी नेऊन परत येत होतो. चंदनापुरी घाटाच्या आधी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि पिकअप गेला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी काटा अडीच हजारांच्या वर जाईना. मागून ट्रक हॉर्न देत होते. आई मागच्या सीटवर काही न बोलता समोरच्या सीटची पाठ घट्ट धरून बसली होती. कडेला घेतली, स्कॅनर लावला. कोड पी२४६३. धुराच्या फिल्टरमध्ये, म्हणजे डीपीएफमध्ये, काजळी मर्यादेबाहेर साचलीय.

हा फिल्टर नीट समजून घ्या, कारण भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस६ आल्यावर डिझेल कारमध्ये तो असतोच म्हणायला हरकत नाही, आणि जुन्या डिझेल गाडीतली सगळ्यात महागडी लपवाछपवी याच्याच भोवती चालते. तो सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला असतो, धुरातली काजळी अडवतो आणि मधूनमधून ती जाळून टाकतो. त्यासाठी साधारण ६०० अंशांपर्यंत तापावं लागतं. हायवेवर सलग चाललेल्या गाडीला ते जमतं. घर ते ऑफिस चार-पाच किलोमीटर, सिग्नलला थांबत चाललेल्या गाडीत जाळणं सुरू होतं आणि अर्ध्यातच इंजिन बंद होतं. बऱ्याच गाड्यांत ही उष्णता आणण्यासाठी जादा डिझेल सोडलं जातं. जाळणं अर्धवट राहत गेलं की त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढते, ऑइल पातळ होतं, पट्टीला डिझेलचा वास येतो. मी जे ऑइल “सढळ हातानं भरलंय” म्हणून समाधानानं पाहिलं, त्यात डिझेल होतं. पट्टी फक्त नाकाशी न्यायची राहिली.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली. त्यांनी नंबर टाकला आणि सल्लागार माझ्याकडे बघून म्हणाला, “दादा, ही गाडी आमच्याकडे येऊन गेलीय याच कोडसाठी.” मी गाडी घेण्याच्या सात आठवडे आधीची नोंद होती. तेव्हा त्यांनी फिल्टर बदलायला सांगितलं होतं, आधीच्या मालकानं नकार देऊन गाडी तशीच नेली होती. काजळी जळते, पण ऑइलमधून येणारी राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये साचत जाते. या गाडीत मध्ये कुणीतरी डीपीएफसाठी न चालणारं स्वस्त ऑइल भरलं होतं. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, त्याचा ग्रेड गाडीच्या पुस्तकात लिहिलेला असतो. व्यापाऱ्यानं मोठ्या स्कॅनरवर काजळी जबरदस्तीनं जाळून घेतली असावी, असं सल्लागाराचं म्हणणं. राख तशीच, त्यामुळे उरलेली जागा सहाशे-साडेसहाशे किलोमीटरमध्ये परत भरली. नवीन फिल्टर, ऑइल बदल आणि मजुरी धरून बिल झालं १ लाख १८ हजार.

व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “साहेब, तुम्हीच तुमच्या मशीनवर बघून घेतली ना? तेव्हा काही बोललात का?” फोन ठेवल्यावर बराच वेळ मला सुचेनासं झालं. पैसे गेल्याचं दुःख होतंच. पण मी गाडी तपासत असताना तो माणूस शेजारी उभा राहून मला चहा देत होता आणि स्कॅनरवर काय येणार हे त्याला आधीच माहीत होतं, हे अजून पचत नाही.

मधल्या काळात एका गॅरेजवाल्यानं दुसरा उपाय सुचवला. फिल्टरच्या आतलं जाळं कापून काढायचं, वरून सायलेन्सर वेल्ड करायचा आणि कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधून फिल्टरच उडवायचा. २२ हजारांत काम, दिवा परत कधी लागणार नाही. कृपा करून यात पडू नका. ते बेकायदा आहे, पीयूसीला धूर सापडू शकतो, आणि ती काजळी रस्त्यावरच्या आपल्याच पोरांच्या छातीत जाते. वर असं करून ती गाडी उद्या विकली, तर माझ्याशी झालं तेच मी दुसऱ्याशी केल्यासारखं होईल.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केलीय. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. वस्तूची किंमत पाच ते दहा लाखांच्या मध्ये असल्यानं फी २०० रुपये लागली. तो “सगळं क्लीन आहे” वाला स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट जोडलाय, सोबत सर्व्हिसच्या जुन्या नोंदीची प्रिंट. पावतीवर “गाडी जशी आहे तशी” असं छापलंय. पण माहीत असलेला दोष मुद्दाम लपवला तर त्या छापील ओळीचा आडोसा मिळू नये, असं आमच्या वकिलांचं म्हणणं. निकाल अजून लागायचाय. आणखी एक, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. ते मी मागितलंच नव्हतं. तुम्ही इसार देण्याआधी मागा.

सर्व्हिस सेंटरमधली जुनी नोंदही गाडी घेण्याआधीच बघता येते. विकणाऱ्याला सोबत घेऊन जा, तो यायला तयार नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा. आणि गाडी बघायला जाताना सांगून ठेवा की इंजिन थंड पाहिजे. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर गाडी तुम्ही येण्याआधीच चालवलेली आहे.

पुसल्यापासूनचं अंतर मात्र सगळ्याच गाड्या दाखवत नाहीत. नाही दाखवलं तर रेडिनेसचं पान बघा. आकडा कमी आला म्हणजे समोरचा चोरच, असंही नाही. बॅटरी काढली-बदलली तरी बऱ्याच गाड्यांत हे सगळं शून्यावर येतं, आणि प्रामाणिक माणसानं दुरुस्ती करूनही कोड पुसलेले असू शकतात.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकांबरोबर सिन्नरला एक डिझेल गाडी बघायला गेलो होतो. थेट मालकाकडून. कोड शून्य, पुसल्यापासून ९ किलोमीटर, चाचण्या सगळ्या इनकम्प्लीट. माझे हात गार पडले. मालक म्हणाले, परवाच बॅटरी बदलली, आणि बिल दाखवलं. मी स्पष्टच विचारलं, “आठ दिवस तुमच्या नेहमीच्या वापरात चालवा, एकदा नाशिकपर्यंत जाऊन या, मग आम्ही परत येतो. चालेल?” ते एका शब्दात हो म्हणाले. पुढच्या रविवारी सकाळी सातला गेलो, बॉनेट गार. ऑइल दोन खुणांच्या मधोमध, वासाला साधं. आकडा २१४ किलोमीटर, चाचण्या सगळ्या पूर्ण, कोड शून्य. काकांनी तिथेच इसाराचे अकरा हजार दिले.