फॉस्टस वाचायचा तर कोणता? 1604 चा की 1616 चा?

ख्रिस्तोफर मार्लोचं ‘डॉक्टर फॉस्टस’ वाचायला, बसवायला किंवा मराठीत आणायला घेतलं की सगळ्यात आधी ठरवावं लागतं, कोणतं फॉस्टस? कारण या नावाची दोन नाटकं आपल्या हातात आहेत. दोन्ही मार्लोच्या नावावर, दोन्ही लंडनमध्ये छापलेली. दोन्हींत तोच विद्वान 24 वर्षांच्या बोलीवर आपला आत्मा सैतानाला लिहून देतो आणि मुदत संपल्यावर नरकात जातो. पण एक नाटक 1604 मध्ये छापलं गेलं, दुसरं 1616 मध्ये. पहिलं सुमारे 1500 ओळींचं आहे, दुसरं 2100 च्या पुढे जातं. खुद्द मार्लो 30 मे 1593 रोजी, वयाच्या 29 व्या वर्षी, डेप्टफर्डमध्ये सुरा लागून मेला होता. म्हणजे यातली एकही प्रत त्याच्या नजरेखालून गेलेली नाही.

(विंदा करंदीकरांच्या अनुवादामुळे आपल्याकडे अनेकांना जर्मन कवी गटेचा ‘फाउस्ट’ आधी आठवतो. ते नाटक वेगळं, दोनशे वर्षांनंतरचं. तिथला नायक शेवटी तरतो. मार्लोचा तरत नाही.)

माझं मत आधीच सांगून टाकते. वाचायचं किंवा अनुवाद करायचा असेल तर डोळे मिटून 1604 ची प्रत घ्या. प्रयोग करायचा असेल तर थोडा विचार करावा लागेल, तो खाली केला आहे. आणि दोन्हींतलं आवडेल ते उचलून तिसरं फॉस्टस तयार करायचा मोह मात्र टाळाच.

दोन प्रती झाल्या कशा

त्या काळच्या इंग्लंडमध्ये नाटककाराने नाटक विकलं की ते नाटक कंपनीच्या मालकीचं होई. कंपनीने किंवा दुसऱ्या कुणी हस्तलिखित प्रकाशकाला दिलं आणि प्रकाशकाने स्टेशनर्स कंपनीच्या, म्हणजे मुद्रक-प्रकाशकांच्या संघाच्या, वहीत नोंद केली की छापायचा हक्क त्या प्रकाशकाचा. लेखकाला या व्यवहारात विचारायचं कारणच नव्हतं. मार्लोच्या हयातीत त्याचं फक्त ‘टँबर्लेन’ छापलं गेलं, 1590 मध्ये, तेही मुखपृष्ठावर त्याच्या नावाशिवाय. प्रकाशक रिचर्ड जोन्स प्रस्तावनेत उघडच सांगतो की काही पोरकट, उथळ प्रसंग आपण गाळले आहेत. ‘एडवर्ड दुसरा’ आणि ‘डायडो’ छापून आली ती 1594 मध्ये, मृत्यूच्या पुढच्याच वर्षी. ‘माल्टाचा यहुदी’ तर थेट 1633 मध्ये.

फॉस्टसची कथा याहून गुंतागुंतीची. टॉमस बुशेलने जानेवारी 1601 मध्ये नोंद केली आणि 1604 मध्ये नाटक प्रसिद्ध केलं. छपाई व्हॅलेंटाइन सिम्सची; आदल्याच वर्षी ‘हॅम्लेट’ची पहिली, तोकडी प्रत याच मुद्रकाच्या छापखान्यातून बाहेर पडली होती. 1604 च्या फॉस्टसची आज जगात एकच प्रत शिल्लक आहे, ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात. ती हरवली असती तरी 1609 आणि 1611 च्या पुनर्मुद्रणांमुळे हा पाठ पूर्ण बुडाला नसता, पण त्याचं मूळ रूप गेलं असतं.

पुढे जॉन राइट या प्रकाशकाने 1616 मध्ये मोठं फॉस्टस काढलं. मुखपृष्ठावर लाकडी ठशाचं चित्र: झगा घातलेला फॉस्टस मंत्रवर्तुळात उभा, हातात पुस्तक, आणि जमिनीतून वर येणारा सैतान. आज फॉस्टसच्या कुठल्याही पुस्तकावर दिसतं ते हेच चित्र. 1604 च्या तुलनेत या प्रतीत 36 ओळी गाळल्या गेल्या आणि 676 नव्या आल्या, असा हिशोब अभ्यासक देतात.

या नव्या ओळी कुणाच्या? इथे फिलिप हेन्स्लो मदतीला येतो. हेन्स्लो म्हणजे रोझ नाट्यगृहाचा मालक, लॉर्ड ॲडमिरलच्या नाटक कंपनीला पैसा पुरवणारा. त्याची हिशोबाची वही सुदैवाने टिकली. तिच्यात 22 नोव्हेंबर 1602 ची नोंद आहे: विल्यम बर्ड आणि सॅम्युअल रौली यांना ‘डॉक्टर फॉस्टस’मध्ये भर घातल्याबद्दल चार पौंड दिले. अख्खं नवं नाटक तेव्हा सहा पौंडांच्या आसपास मिळत असे. म्हणजे चार पौंडांची भर काही किरकोळ डागडुजी नव्हती. 1616 च्या प्रतीतला बराचसा जादा मजकूर याच दोघांचा असावा, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. राइटने 1619 च्या पुनर्मुद्रणात तर मुखपृष्ठावरच ‘नवीन भर घालून’ अशी जाहिरात केली.

आपल्या रंगभूमीच्या भाषेत सांगायचं तर 1604 ची ती संहिता आणि 1616 ची ती रंगावृत्ती. ही विभागणी अगदी काटेकोर नाही, कारण 1604 च्या प्रतीतही दुसऱ्या हाताचं, विशेषतः विनोदी प्रवेशांत, लिखाण आहेच. तरी दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचताना हा फरक पानोपानी जाणवतो.

शेवटचा तास

दोन प्रतींतला खरा फरक बघायचा तर शेवटच्या स्वगतात बघावा. अकराचे ठोके पडले आहेत, फॉस्टसजवळ एक तास उरला आहे. 1604 च्या प्रतीत तो वर बघतो आणि ओरडतो: बघा, बघा, आकाशभर ख्रिस्ताचं रक्त वाहतंय! एक थेंब माझा आत्मा वाचवील, अर्धा थेंबही! 1616 च्या प्रतीत आकाशातलं ते रक्त नाही. आकाशच नाही. रक्ताचा एक थेंब मला वाचवील, एवढंच उरलं आहे.

पुढे आणखी आहे. 1604 मध्ये ते दृश्य नाहीसं होतं आणि फॉस्टसला दिसतो तो देव, हात उगारलेला, भुवया रागाने आक्रसलेला. 1616 मध्ये फक्त एक उगारलेला हात आणि एक रागावलेलं कपाळ आहे. कुणाचं, ते सांगितलेलं नाही. ‘देवाचा कोप’ इथे ‘स्वर्गाचा कोप’ होतो. अगदी शेवटी, सैतान न्यायला आल्यावर, 1604 चा फॉस्टस म्हणतो, देवा, माझ्या देवा, असा उग्र बघू नकोस माझ्याकडे. 1616 चा म्हणतो, दया कर, हे स्वर्गा.

कारण सरळ आहे. 1606 मध्ये पार्लमेंटने कायदा केला: रंगमंचावर थट्टेने किंवा अवमान होईल अशा रीतीने देवाचं, ख्रिस्ताचं नाव घेतलं तर दर वेळी दहा पौंड दंड. कंपन्यांनी आपल्या नाटकांवरून कात्री फिरवली. फॉस्टसमध्ये ती सरसकट फिरली नाही, ख्रिस्ताचं नाव एकदोन जागी राहून गेलं आहे. पण जिथे फिरली तिथे नाटकाच्या मर्मावरच फिरली. हा माणूस ज्याच्याकडे पाठ फिरवून गेला, त्याच्याच नावाने शेवटी हाका मारतो. ते नावच काढलं तर हाक पोचणार कुणाला?

दुसरी जागा याहून लहान आहे, पण अनुवादकाने तिच्याकडे बघायलाच हवं. दुष्ट देवदूत फॉस्टसला सांगतो, आता उशीर झाला. सुष्ट देवदूत उत्तर देतो. 1604 मध्ये: उशीर कधीच होत नाही, फॉस्टसला पश्चात्ताप करता आला तर. 1616 मध्ये: उशीर कधीच होत नाही, फॉस्टस पश्चात्ताप करील तर. मुळात एका शब्दाचा फरक, ‘कॅन’च्या जागी ‘विल’. पण पहिल्या वाक्यात भीती आहे की कदाचित या माणसात ती क्षमताच उरलेली नाही, किंवा त्याला ती कधी दिलेलीच नव्हती. कुणाचा उद्धार व्हायचा हे देवाने आधीच ठरवून ठेवलंय, या कॅल्व्हिनच्या शिकवणीवर पोसलेल्या त्या काळच्या प्रेक्षकाला ही भीती ओळखीची होती. दुसऱ्या वाक्यात सगळं फॉस्टसच्या मर्जीवर सोडलं आहे.

गंमत अशी की याच 1616 च्या प्रतीत शेवटी मेफिस्टोफिलिस, म्हणजे फॉस्टसच्या दिमतीला असलेला सैतान, त्याला सुनावतो: तू स्वर्गाच्या वाटेवर होतास तेव्हा ती वाट मीच अडवली, तू धर्मग्रंथ उघडलास तेव्हा पानं मीच उलटली, तुझी नजर मीच भलतीकडे वळवली. म्हणजे मर्जी फॉस्टसची म्हणायची आणि डोळे सैतानाने फिरवायचे! हे भाषण 1604 मध्ये नाही. तिथे नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात फॉस्टस बायबलची अर्धीच ओळ वाचतो आणि पुस्तक बाजूला सारतो. तो का थांबला हे आपलं आपण शोधायचं असतं. मला तो न सुटलेला प्रश्न फार मोलाचा वाटतो. 1616 मधलं भाषण नटाला टाळ्या मिळवून देईल, पण नाटकाच्या सुरुवातीचं कोडं ते परस्पर सोडवून टाकतं.

म्हातारा फॉस्टसला वाचवायला येतो तो प्रवेशही बघण्यासारखा आहे. 1604 चा म्हातारा कठोर आहे, पापाची घाण तोंडावर सांगतो आणि रक्ताचे अश्रू ढाळ म्हणतो. 1616 चा मायेने समजावतो. इथे मला 1616 वाईट वाटत नाही. चांगल्या नटाच्या तोंडी तो मऊपणा काळजाला हात घालतो.

1616 मध्ये काय जास्त मिळतं

भरपूर. रोमच्या प्रवेशात ब्रुनो नावाचा प्रतिपोप, म्हणजे पोपपदाचा दुसरा दावेदार, येतो, आणि पोप त्याच्या पाठीवर पाय देऊन सिंहासनावर चढतो. बादशहाच्या दरबारात फॉस्टसची टर उडवणारा सरदार 1604 मध्ये बिननावाचा आहे. इथे तो बेनव्होलिओ होतो, त्याला शिंगं फुटतात, तो सूडाला निघतो, फॉस्टसचं डोकं उडवतो आणि ते डोकं खोटं निघतं. फॉस्टसने फसवलेला घोडेव्यापारी आणि मंडळी दारूच्या गुत्त्यात जमतात, मग थेट ड्यूकच्या वाड्यात घुसतात आणि फॉस्टस एकेकाची वाचा बंद करतो. शेवटच्या अंकात ल्युसिफर आणि बेल्झेबब वरच्या सज्जावर येऊन तमाशा बघत बसतात. आणि पहाटे विद्यार्थ्यांना फॉस्टसचे तुटलेले अवयव सापडतात.

यातलं बरंचसं रंगमंचावर छान चालतं. सज्जावरचे सैतान ही तर खरोखर चांगली नाट्यकल्पना आहे. राज्य नाट्य स्पर्धेसाठी मोठा संच, नेपथ्यावर मेहनत करणारी मंडळी आणि विनोदाची जाण असलेले नट हाताशी असतील तर 1616 ची प्रत घ्यायला हरकत नाही. मात्र मधला भाग निर्दयपणे कापावा लागेल, नाहीतर तो शेवटच्या तासापर्यंत प्रेक्षकाला दमवून टाकतो. लहान संच असेल, किंवा अभिवाचन करायचं असेल, तर 1604 शिवाय पर्याय नाही.

1604 ची प्रत निर्दोष आहे असं समजू नका. रॉबिन आणि रेफ या विनोदी जोडगोळीचे प्रवेश तिथे चुकीच्या जागी, एकापाठोपाठ एक छापले आहेत. चोरलेल्या पेल्याच्या प्रवेशाला तर दोन शेवट आहेत: मेफिस्टोफिलिस येतो, शिक्षा करतो, आणि लगेच पुन्हा नव्याने येऊन शिक्षा करतो. हस्तलिखितात एका शेवटाऐवजी दुसरा लिहिला असावा आणि छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याने दोन्ही लावून टाकले. अशा जागी संपादक हवाच.

या दोषांमुळेच डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी 1950 मध्ये दोन्ही पाठ समोरासमोर छापताना 1616 च्या बाजूने कौल दिला. 1604 ची प्रत नटांनी आठवणीतून जुळवलेली आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. तो कौल दोन-तीन दशकं टिकला, मग वारं फिरलं. रोमा गिल यांनी न्यू मर्मेड्स मालिकेसाठी 1965 मध्ये 1616 चा पाठ घेतला होता. 1989 मध्ये त्याच मालिकेसाठी त्यांनीच 1604 चा घेतला. 1993 मध्ये डेव्हिड बेव्हिंग्टन आणि एरिक रासमुसेन यांनी दोन्ही नाटकं वेगवेगळी, पूर्ण छापली. भांडारकर संस्थेच्या महाभारतामुळे आपल्याला पाठभेदांतून एक मूळ पाठ गाठण्याची रीत परिचयाची आहे. फॉस्टसच्या बाबतीत अभ्यासकांनी तो नाद सोडला, कारण इथे एकच मूळ दोन वाटांनी बिघडलेलं नाही. दुसरी प्रत मुद्दाम नव्याने घडवलेली आहे.

1663 ची एक प्रतही कुठे कुठे भेटते. तिच्यात रोमचा प्रवेश काढून ‘माल्टाचा यहुदी’वरून उचललेला मजकूर घातला आहे. ती सोडून द्या.

विकत घ्यायचं असेल तर ऑक्सफर्ड वर्ल्ड्स क्लासिक्सचा मार्लोच्या नाटकांचा खंड घ्या, त्यात दोन्ही पाठ आहेत. फुकट हवं असेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर दोन्ही स्वतंत्रपणे मिळतात, नावातच साल दिलं आहे. घरात जुनी, साल न सांगणारी प्रत असेल तर पात्रांची यादी उघडा: ब्रुनो आणि बेनव्होलिओ दिसले तर ती 1616 ची. रॉबिनचा जोडीदार रेफ असेल तर 1604 ची, डिक असेल तर 1616 ची. आणि बेनव्होलिओही आहे, आकाशातलं रक्तही आहे, असं आढळलं तर ती कुणा संपादकाने दोन्ही मिसळून केलेली आहे. अनुवादासाठी ती वापरू नका.