शेरवूड की एलिसियन: चवथीच्या रात्री कोणता भाग लावावा?

चवथीची दुसरी रात्र. आरत्या आटोपल्या, घुमटं भिंतीला टेकली, नेवऱ्यांचा डबा तिसऱ्यांदा फिरला आणि कोणीतरी म्हणतं, ‘आता काय तरी लावा बघू.’ घरात ‘स्टार ट्रेक’ बघणारे तुम्ही एकटेच असाल तर अशी संधी वर्षातून एकदाच मिळते. यावर चाहत्यांचा सल्ला ठरलेला असतो: गंभीर काही नको, तो राजाराणीवाला भाग लावा. अडचण एवढीच की राजाराणीवाले भाग एकाहून जास्त आहेत आणि त्यांवरून चाहत्यांत कायमची जुंपलेली असते. पुढे दोन्ही भागांचे शेवट उघड केले आहेत, ज्यांना चालत नसेल त्यांनी आधी भाग बघावेत.

खरा सामना दोघांतच आहे. एक ‘द नेक्स्ट जनरेशन’चा ‘क्युपिड’ (चौथा सीझन, विसावा भाग, एप्रिल १९९१). त्यात क्यू नावाचा सर्वशक्तिमान परका चुटकी वाजवतो आणि कॅप्टन पिकार्डसह जहाजावरचे सगळे शेरवूडच्या जंगलात रॉबिन हूडची टोळी बनतात. दुसरा ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’चा ‘द एलिसियन किंगडम’ (पहिला सीझन, आठवा भाग, जून २०२२). त्यात डॉ. मबेंगा आजारी मुलीला वाचून दाखवतो ते परीकथेचं पुस्तकच जहाजावर उतरतं. तिसरं नाव ‘शोअर लीव्ह’चं निघतं, मूळ मालिकेतला २९ डिसेंबर १९६६ चा भाग. त्यात घड्याळवाला पांढरा ससा आहे, डॉ. मॅकॉयला भाल्याने पाडणारा सरदार आहे. पण कॅप्टन कर्क आणि त्याचा जुना सहाध्यायी यांची मारामारी इतकी लांबते की नवखा माणूस तेवढ्यात फोन हातात घेतो. तो भाग जुन्या माणसांनी एकत्र बसून बघायचा. इथे बाजूला ठेवतो.

या प्रकारच्या भागांवर ‘भरतीचा भाग’ असा शिक्का लगेच बसतो. कथा पुढे सरकत नाही, नुसते कपडे बदलतात, ही तक्रार दोन्हींबद्दल आहे. जत्रेतली नाटकं बघत वाढलेल्याला ती जरा विचित्र वाटेल. देवळाच्या मंडपात राजाचा जिरेटोप घातलेला माणूस सकाळी बँकेत आपलं पासबुक छापून देतो, हे माहीत असतं म्हणूनच तर आपण पुढच्या रांगेत बसतो. तो अडखळला तरी मजा, शोभला तर दुप्पट मजा. राजकारस्थानात फारसा कोणाला रस नसतो.

हेच गणित या दोन भागांना लावलं की फरक दिसतो. ‘क्युपिड’मध्ये सगळ्यांना माहीत असतं की आपल्याला कोणीतरी हे कपडे घातलेत. रायकर लिटल जॉन झाला तरी रायकरच राहतो, यंत्रमानव डेटा फ्रायर टक झाला तरी डेटाच. म्हणून गंमत कुरकुरीत आहे. वर्फ लाल पोशाखात उभा राहून आपण असल्या मौजी टोळीतले नव्हेत असा निषेध नोंदवतो. जॉर्डी मँडोलिन छेडत बसतो, तेव्हा वर्फ ती शांतपणे त्याच्या हातातून घेतो, झाडावर आपटून फोडतो आणि पडेल आवाजात सॉरी म्हणतो. ट्रॉय धनुष्याचा सराव करते, बाण डेटाच्या छातीत रुततो आणि तो मोडतोडीचा अहवाल देतो. यांतलं काहीही समजायला मालिका बघितलेली असावी लागत नाही. चिडलेला धिप्पाड माणूस आणि तुटलेलं वाद्य चार वर्षांच्या पोरालाही कळतं. नवख्यांच्या घरात ‘क्युपिड’ची ही बाजू भक्कम आहे.

‘एलिसियन’मध्ये उलट आहे. मबेंगा आणि जहाजाचा अभियंता हेमर सोडले तर आपण जहाजावरचे आहोत याची कोणालाच शुद्ध नसते. कॅप्टन पाइक हा सर रॉथ नावाचा गोडबोल्या, पळपुटा दरबारी झालेला असतो. तलवार निघाली की हा दुसऱ्याच्या आड. एरवी ज्याचा आवाजही चढत नाही त्या पाइकला असा कापताना बघून चाहते खुर्चीवरून पडतात. पण पाइक एरवी कसा असतो हे ज्याला माहीत नाही त्याच्या दृष्टीने तो एक भित्रा मनुष्य आहे, बस्स. सुरक्षाप्रमुख लान ही कुशीत कुत्रं घेतलेली लाडावलेली राजकन्या होते. तिचंही तसंच. बँकेतला माणूस माहीत नसेल तर त्याचा राजा कशाला हसवेल? ‘नटांनी मजा केली, आम्हाला काय?’ ही प्रतिक्रिया येते ती मुख्यतः इथून. यावर उपाय आहे, तो शेवटी सांगतो.

वेळेचं बघायचं तर ‘क्युपिड’ आधी पुरातत्त्व परिषदेत आणि मग पिकार्ड व त्याची जुनी मैत्रीण वॅश यांच्या रुसव्याफुगव्यांत रेंगाळतो. शेरवूड येईपर्यंत भाग जवळजवळ निम्मा सरतो. रॉबिन हूडचं नाव सांगून पोरांना बसवलं असेल तर ती तोवर अंगणात फटाके शोधायला गेलेली असतात. ‘एलिसियन’ सुरुवातीच्या काही मिनिटांतच दरबारात शिरतो.

विज्ञानमालिकेत जादू कशाला, हा आक्षेप घरातल्या अभियंत्याकडून हमखास येणार, त्याची तयारी ठेवा. गंमत म्हणजे ‘क्युपिड’वर तो कमी येतो. क्यू सर्वशक्तिमान, त्याने चुटकी वाजवली, प्रश्न मिटला. ‘एलिसियन’ स्पष्टीकरण द्यायला जातो आणि अडकतो. तेजोमेघात एक एकाकी जाणीव आहे, ती बोल्ट्झमन मेंदू असावी, असं हेमर सुचवतो. मूळ कल्पना खरोखरच भौतिकशास्त्रातली आहे. लुडविग बोल्ट्झमन (१८४४–१९०६) याच्या सांख्यिकीय विचाराप्रमाणे पूर्ण अव्यवस्थेतही क्वचित आपोआप व्यवस्था तयार होऊ शकते. पुढच्यांनी तो धागा ताणला: पुरेसा काळ दिला तर कणांच्या नुसत्या चढउतारातून आख्खा विचार करणारा मेंदूही जुळून यावा. खरं तर शास्त्रज्ञ ही कल्पना वापरतात ती एखादं विश्वचित्र कुठे हास्यास्पद निष्कर्षाला जातं हे दाखवायला. भागात तिला दोन-तीन वाक्यं मिळतात. अभियंत्याला तेवढं पुरत नाही आणि आत्याला तेवढंही नको असतं. पण हेमर स्वतः शुद्धीत का राहतो याचं कारण नीट दिलंय: तो एनार, म्हणजे मनोसंवाद करणारा. परकी जाणीव मनात शिरतेय हे त्याला कळतं आणि तो दार लावून घेतो. मग हाच कुरकुऱ्या अभियंता जादूगाराच्या झग्यात असा काही रंगतो की आक्षेप घेणारेही जरा नरमतात.

इथवर ‘क्युपिड’ पुढे आहे हे मान्य करायला हरकत नाही. पण ते शेवटचं भांडण आहे ना, तिथे माझं गाडं अडतं.

नॉटिंगहॅमच्या किल्ल्यात पिकार्ड आणि वॅशचा शिरच्छेद ठरलेला असतो. टोळी साधूंच्या वेशात गर्दीत घुसते. डेटा स्वतःच्या हातातला एक भाग काढून आगीत फेकतो, स्फोट होतो आणि तलवारी निघतात. रायकरच्या हाती तलवार, वर्फच्या हाती तलवार, पिकार्ड जिन्यावर खलनायक सर गायशी झुंजतो. आणि डॉ. क्रशर आणि ट्रॉय? बाजूला उभ्या राहून पहारेकऱ्यांच्या डोक्यात मडकी फोडतात. एक पहारेकरी, एक मडकं. आणखी एक पहारेकरी, आणखी एक मडकं. हे सगळं काही सेकंदांचं आहे, आणि मी ते फार मोठं करतोय असं कोणी म्हटलं तर वाद घालणार नाही. पण या दोघी त्याच जहाजावरच्या अधिकारी आहेत. त्याहून खुपतं ते हे, की त्या संचात तलवारबाजी शिकलेल्या याच दोघी नट्या होत्या, असं चाहत्यांत वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते ऐकल्यापासून ती मडकी जास्तच मोठ्याने फुटतात. वॅशवर अन्याय नको: ती चतुर आहे, सर गायला लग्नाचा होकार देऊन वेळ काढते, क्यूलाही गार करते. पण या शेवटच्या लढाईत तलवार तिच्याही हाती नाही.

जुन्या जत्रेतल्या नाटकात बायकांची कामं पुरुषच करायचे, ते तेव्हाचं झालं. आज दहा-बारा वर्षांच्या मुली पुढे बसलेल्या असताना हे दृश्य आलं की कोणीतरी विचारतंच, ‘त्यांना का नाही तलवार?’ आणि याला १९९१ हे उत्तर पुरत नाही.

‘एलिसियन’मध्ये हा प्रश्न उगवतच नाही. वैमानिक ऑर्टेगास ही सर आडिया नावाची योद्धा, तलवार उपसायला नुसतं निमित्त हवं. उपकप्तान ऊना धनुष्य घेतलेली शिकारी. उहुरा दुष्ट राणी नेव्ह, चढ्या भुवयांची, आपल्या प्रत्येक हुकुमावर स्वतःच खूश. चॅपल वैद्य. मागे लपायला उरतो तो कॅप्टन. मुली ऑर्टेगासवर खूश होतात, मुलगे उहुरावर. माझा कल इथेच ठरला, आणि बाकी हिशेब नंतर जुळवला असं म्हटलं तरी चालेल.

आता ‘एलिसियन’वरची सगळ्यात मोठी तक्रार, आणि ती बिनबुडाची नाही. मबेंगाची मुलगी रुकिया हिला सिग्नोकेमिया हा असाध्य आजार. उपाय सापडेपर्यंत त्याने तिला ट्रान्सपोर्टरच्या (माणसांना क्षणात दुसरीकडे पोचवणाऱ्या यंत्राच्या) बफरमध्ये, म्हणजे साठवणीत, ठेवलेलं असतं आणि अधूनमधून बाहेर काढून गोष्ट वाचून दाखवलेली असते. शेवटी कळतं की पुस्तकात दुष्ट राणी ज्याच्या मागे असते तो पाराखडा (‘मर्क्युरी स्टोन’) म्हणजे तीच. तेजोमेघात राहिली तर आजार नाही, बाहेर पडली तर परत तेच. बाप तिला तिथे सोडतो. क्षणभराने ती मोठी बाई होऊन समोर येते, आपण सुखात जगलो म्हणून सांगते आणि जाते. हे सगळं काही मिनिटांत उरकतं. अनेक चाहत्यांना हे पटत नाही. एवढा मोठा निर्णय एवढ्या घाईत? आणि जो धागा आणखी सीझनभर चालू शकला असता तो इथेच का तोडला? जहाजावरच्यांना काही आठवत नाही, म्हणून शेवटी मबेंगाला ते सगळं ऊनाला सांगावं लागतं, हेही काहींना सोयीचं वाटतं. पटण्यासारखं आहे. आणखी पाच मिनिटं मिळायला हवी होती.

पण घरात लावताना एक लक्षात आलंय: घाई झाली असं म्हणतात ते आठवडा-आठवडा थांबून मालिका बघितलेले. एका रात्रीत एकच भाग बघणाऱ्याला तो निरोप पुरेसा जड जातो, विशेषतः ज्यांच्या मुली बाहेरगावी शिकतात त्या बापांना. घरात नुकतंच कोणी लहान मूल आजारातून उठलेलं असेल तर मात्र सरळ ‘क्युपिड’ लावा. त्यात दुसरा विचार नको.

राहिला उपाय. ‘एलिसियन’ थेट लावू नका, आधी दोन तुकडे दाखवा. पहिला, त्याच सीझनच्या दुसऱ्या भागाची सुरुवात: पाइक आपल्या केबिनमध्ये सगळ्यांना स्वतः रांधून जेवायला घालतो आणि ऑर्टेगासच्या थापेला भुलून उहुरा औपचारिक गणवेशात येते. पाइक, उहुरा, ऑर्टेगास, हेमर एका टेबलाभोवती ओळखीचे होतात. दुसरा, तिसऱ्या भागाची शेवटची दहा मिनिटं: मबेंगाने वैद्यकीय ट्रान्सपोर्टर अद्ययावत का करू दिला नाही हे उलगडतं आणि रुकिया पहिल्यांदा दिसते. दोन्ही मिळून पंधरा-वीस मिनिटं. त्यानंतर रॉथचा भित्रेपणा सगळ्यांना हसवतो, नवख्यांनाही. लान या तुकड्यांत पुरती कळत नाही, तेव्हा ‘ही एरवी हसत नाही’ एवढं तोंडी सांगा. ‘क्युपिड’ला तयारी लागत नाही. फार तर सांगा की वॅश पिकार्डला आदल्या सीझनमध्ये सुट्टीवर भेटली होती आणि क्यू त्याचं देणं लागतो.

दोन्हींना इंग्रजी सबटायटल लावा. दरबारी बोली आणि पंख्याचा आवाज एकत्र आले की अर्धे संवाद जातात. ‘क्युपिड’ जुन्या चौकोनी चौकटीतला आहे, रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतील. कोणीतरी रिमोट घेऊन चित्र ताणून भरेल, तेव्हा वर्फ आडवा सुटलेला दिसतो, म्हणून सेटिंग आधीच तपासा. भाग डाउनलोड करून ठेवा, कारण भाद्रपदात पावसाची सर आली की वीज जाते आणि इन्व्हर्टरवर टीव्ही चालला तरी राउटर चालेलच असं नाही.

आणि ‘एलिसियन’ संपताच पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करून ठेवा. नववा भाग भयपटाच्या अंगाने जातो आणि त्यात हेमर जातो. तासाभरापूर्वी ज्याच्या जादूला पोरांनी टाळ्या दिल्या, त्याचं असलं मरण त्याच रात्री नको.